माजी सैनिकांसाठी नवी राष्ट्रीय दफनभूमी : फुकट मिळालेल्या जमिनीवरही घोडे का अडते?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपल्या परिसरातील माजी सैनिकांची समिती अमेरिकेच्या संघ सरकारकडे नव्या राष्ट्रीय दफनभूमीची मागणी करीत आहे. सध्याची सर्वांत जवळची दफनभूमी मोटारीने तीन तासांच्या अंतरावर आहे. एका शेतकरी कुटुंबाने आपली सुमारे २०० एकर जमीन विनामूल्य देऊ केली आहे, आणि तरीही माजी सैनिकांचा कारभार पाहणाऱ्या संघीय खात्याकडून, म्हणजे ज्याला सगळे व्हीए म्हणतात त्याच्याकडून, पत्राची पोच मिळण्यापलीकडे काहीही घडलेले नाही. जमीन आयती मिळत असताना काम अडते कुठे, आणि समितीतल्या वयोवृद्ध मंडळींच्या हयातीत ते होईल का, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे.

दफनभूमींसाठी स्थळपाहणी करणे आणि त्यांचे आराखडे तयार करणे या कामात माझी वीसहून अधिक वर्षे गेली आहेत. त्या अनुभवावरून सांगतो की या संपूर्ण व्यवहारात जमिनीची किंमत ही सर्वांत लहान बाब असते. संघ सरकार दफनाची जागा, कबर खणण्या-बुजवण्याचे काम, काँक्रीटचे आवरण आणि नाव कोरलेला दगड कुटुंबाकडून एक डॉलरही न घेता देते, आणि त्याबरोबर त्या जागेची निगा कायम राखण्याचे वचन देते. ‘कायम’ या शब्दाला कायद्यात मुदत नाही. त्यामुळे ज्या जमिनीवर हे वचन दोनशे वर्षांनीही पाळता येईल असा विश्वास वाटत नाही, ती जमीन कोणी कितीही आपुलकीने दिली तरी खात्याने घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

या सावधगिरीला जुना इतिहास आहे. १७ जुलै १८६२ च्या कायद्याने राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांना, देशाच्या सेवेत मरण पावणाऱ्या सैनिकांसाठी जमीन खरेदी करण्याचा अधिकार मिळाला आणि त्याच वर्षी १४ राष्ट्रीय दफनभूमी स्थापन झाल्या. यादवी युद्धाच्या धामधुमीत कबरींवर लाकडी फळ्या रोवल्या गेल्या. फळी चारपाच वर्षांत कुजते. तेव्हा लाखो फळ्या पुन्हा पुन्हा बदलत राहण्याचा खर्च कुठवर जाईल, याचा हिशेब युद्ध संपताच समोर आला. लष्कराचे क्वार्टरमास्टर जनरल, म्हणजे रसदव्यवस्थेचे प्रमुख, माँटगोमेरी मेग्ज यांचा कल जस्ताचा मुलामा दिलेल्या बिडाच्या खुणा बसवण्याकडे होता. वाद बराच काळ चालला आणि अखेर १८७३ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, टिकाऊ दगडांसाठी १० लाख डॉलर मंजूर केले. सुरुवातीला स्वस्त वाटलेल्या गोष्टीची किंमत पुढच्या पिढीने मोजली. आजच्या आराखड्यात लाकडी फळीची ती जागा बहुतेक वेळा पाण्याचा निचरा न होणारी जमीन घेते, म्हणून तिच्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे.

प्रथम मागणीचा निकष. १९७३ मध्ये लष्कराच्या ताब्यातील ८२ राष्ट्रीय दफनभूमी आजच्या खात्याकडे आल्या. राजधानी वॉशिंग्टनजवळची आर्लिंग्टन दफनभूमी मात्र लष्कराकडेच राहिली. त्यानंतर जी फूटपट्टी रूढ झाली तिच्यात दोन आकडे आहेत: अंतर ७५ मैल, आणि त्या परिघातील दफनाची सोय नसलेल्या माजी सैनिकांची संख्या. पूर्वी ही संख्या १,७०,००० असावी लागे. २०११ च्या अर्थसंकल्पाच्या वेळी ती ८०,००० वर आणली गेली आणि त्यामुळे ओमाहा, टॅलाहासी, केप कॅनव्हेरल, दक्षिण कोलोराडो आणि पश्चिम न्यूयॉर्क या पाच ठिकाणांना मान्यता मिळाली. त्यापुढे विरळ वस्तीच्या राज्यांसाठी ग्रामीण योजना आली. तिच्यातून उभ्या राहिलेल्या नॉर्थ डकोटातील फार्गो येथील दफनभूमीचा सुरुवातीचा विस्तार जेमतेम ५ एकर होता. मोठ्या शहरांसाठी केवळ अस्थिकलशांच्या कोनाड्यांच्या भिंती असलेली स्थळे हा आणखी एक प्रकार आहे.

आपल्या समितीच्या निवेदनात ‘मोटारीने तीन तास’ असे लिहिले आहे. हा त्रास खरा आहे, पण खात्याचा हिशेब तासांत होत नाही, तो नकाशावरच्या परिघात होतो. शिवाय त्या परिघात एखादी राज्य सरकारची माजी सैनिक दफनभूमी असेल आणि तिथे नव्या दफनासाठी जागा शिल्लक असेल, तर आपला भाग ‘सोय असलेला’ धरला जातो. याउलट एखादी जुनी राष्ट्रीय दफनभूमी जवळच आहे, पण तिथे आता केवळ आधी दफन झालेल्यांच्या जोडीदारांनाच जागा मिळते, अशी स्थिती असेल तर ती हिशेबात धरली जात नाही. निवेदन पुन्हा पाठवण्यापूर्वी या दोन गोष्टींची खातरजमा करावी, कारण अनेक समित्या सह्यांची जाडजूड बाडे पाठवतात आणि नेमका हा एक कागद जोडत नाहीत.

दुसरा मार्ग काँग्रेसचा. १९९९ च्या कायद्याने अटलांटा, डेट्रॉईट, पिट्सबर्ग, सॅक्रामेंटो, दक्षिण फ्लोरिडा आणि ओक्लाहोमा या सहा प्रदेशांत, तर २००३ च्या कायद्याने बेकर्सफील्ड, बर्मिंगहॅम, जॅक्सनव्हिल, सारासोटा, आग्नेय पेनसिल्व्हेनिया आणि दक्षिण कॅरोलिना अशा आणखी सहा प्रदेशांत नव्या दफनभूमी उभारण्याचा आदेश दिला. या दोन्ही कायद्यांनी प्रदेश ठरवले, भूखंड ठरवले नाहीत, हे मुद्दाम लक्षात घ्यावे. प्रदेश ठरवणे हा राजकीय निर्णय असू शकतो आणि तो तसा असण्यात काही वावगे नाही. भूखंड ठरवण्याचे काम मात्र माती जाणणाऱ्यांकडेच राहिले पाहिजे.

आता जमिनीकडे वळतो. दात्याबद्दल माझ्या मनात पूर्ण आदर आहे, आणि दानाच्या जमिनीवर उत्तम दफनभूमी उभ्या राहिल्याची उदाहरणेही आहेत. अटलांटाजवळच्या कँटन येथील जॉर्जिया राष्ट्रीय दफनभूमीची ७७५ एकर जमीन स्कॉट हजेन्स या दुसऱ्या महायुद्धात लढलेल्या बांधकाम व्यावसायिकाने दिली, तर बेकर्सफील्डची जमीन तेजोन रँच या कंपनीने दिली. परंतु दान स्वीकारण्याआधी तीन गोष्टी तपासल्या जातात. जमिनीचा हक्क निर्वेध आहे का. जमिनीखालच्या खनिजांचे हक्क पूर्वी कोणी वेगळे विकून ठेवले आहेत का. आणि दानपत्रात ‘अमुक वर्षांत दफनभूमी झाली नाही तर जमीन परत’ किंवा ‘आमच्या घराण्याचे नाव द्यावे’ अशा अटी आहेत का. खनिजांच्या हक्कांकडे फार दुर्लक्ष होते. कोळशाच्या पट्ट्यात वरची हिरवळ एकाची आणि तळातला कोळसा दुसऱ्याचा, असे सर्रास आढळते, आणि ज्या जमिनीखाली उद्या कोणी खाण काढू शकतो, तिथे कुणाच्या वडिलांना कायमचे ठेवता येत नाही.

एक प्रसंग सांगतो. अशाच एका दानाच्या जमिनीवर आम्ही पाहणीला गेलो होतो. मंद उतार, कडेला ओकची रांग, दूरवर निळसर टेकड्या; समितीतल्या वृद्ध सैनिकांना जागा पाहताक्षणी आवडली होती. महिना ऑगस्टचा, माती खडखडीत कोरडी. यंत्राने आठ फूट खोल चाचणीखड्डा घेतला आणि मी शिडीने खाली उतरलो. वरची दोन फूट माती एकसारखी तपकिरी होती. साडेतीन फुटांपासून खाली मात्र त्या तपकिरी रंगात राखाडी डाग आणि गंजासारखे तांबूस ठिपके दिसू लागले. असे ठिपके म्हणजे मातीने स्वतः ठेवलेली नोंद असते: वर्षाचे काही महिने पाणी या उंचीपर्यंत चढून उभे राहते आणि मग ओसरते. वर उभ्या असलेल्या एका वयस्कर गृहस्थांनी विचारले, “पाणी कुठे आहे? खड्डा तर कोरडा आहे.” मी मातीचे ढेकूळ त्यांच्या हातात दिले आणि ठिपके दाखवले. त्यांनी ते बराच वेळ न्याहाळले आणि मग एवढेच म्हणाले की पावसात चर खणून त्यात रात्र काढणे काय असते हे त्यांना ठाऊक आहे, आपल्या मित्रांना ते पुन्हा नको. ती जागा सोडून देण्याचा ठराव त्यांनीच मांडला.

दफनाच्या पारंपरिक पद्धतीत पहिली शवपेटी सुमारे सात फूट खोल ठेवली जाते, म्हणजे पुढे जोडीदाराची शवपेटी त्याच जागी तिच्यावर ठेवता येते. त्यामुळे त्या खोलीपर्यंत कठीण खडक नको, साचलेले पाणी नको आणि खणताना ढासळणारी निव्वळ वाळूही नको. उताराचेही तसेच आहे. अगदी सपाट जमिनीवर पाणी थांबते, आणि फार तीव्र उतारावर दगडांच्या ओळी सरळ बसत नाहीत व वृद्ध पाहुण्यांना चालता येत नाही. शंभर फुटांत दोन फुटांपासून पंधरा फुटांपर्यंत चढ ही मला सोयीची वाटणारी मर्यादा आहे. पाणथळ जागा, पूररेषा, जुन्या शेतातील कीटकनाशकांचे किंवा इंधनाच्या टाक्यांचे अवशेष, दुर्मीळ जीवांचा अधिवास, या सगळ्यांची तपासणी १९६९ च्या पर्यावरण कायद्याखाली होते. १९६६ च्या ऐतिहासिक वारसा कायद्याच्या कलम १०६ प्रमाणे तिथे आधीचे काही अवशेष आहेत का, हे राज्याच्या अधिकाऱ्यांशी आणि मूळ निवासी जमातींशी विचारविनिमय करून पाहिले जाते. समित्यांना हा सगळा वेळकाढूपणा वाटतो. मला मात्र ज्या जमिनीवर आपण नव्याने मृतांना विसावा देणार, तिथे आधीच विसावलेल्यांची चौकशी करणे हे त्या कामाचेच पहिले पाऊल वाटते.

कोरड्या प्रदेशात प्रश्न उलटा होतो. तिथे निचऱ्याची काळजी कमी, पण हिरवळ जगवण्यासाठी पाण्याचा हक्क आहे का आणि तो किती वर्षांचा आहे, हे आधी पाहावे लागते. टेक्सासमधील फोर्ट ब्लिस येथे पाण्याच्या टंचाईपायी हिरवळ काढून तिथे खडी आणि वाळवंटी झाडे लावण्यात आली; त्यावर कुटुंबांनी वर्षानुवर्षे नाराजी व्यक्त केली. दोन्ही बाजू मला समजतात. म्हणूनच कोरड्या प्रदेशातल्या समित्यांना मी सांगतो की दफनभूमी कशी दिसेल, हे पहिल्या दफनापूर्वीच लोकांना चित्रांसह दाखवावे. हिरवळीचे वचन देऊन नंतर खडी पसरू नये.

काळ किती लागतो? १९९९ च्या कायद्यातील सहांपैकी ओक्लाहोमातील फोर्ट सिल येथे दोन वर्षांत, म्हणजे २००१ मध्येच दफन सुरू झाले, कारण तिथली जमीन आधीपासूनच लष्कराची होती. पिट्सबर्ग आणि डेट्रॉईटजवळच्या दफनभूमी २००५ मध्ये, अटलांटा आणि सॅक्रामेंटोच्या २००६ मध्ये आणि दक्षिण फ्लोरिडाची २००७ मध्ये सुरू झाली. २००३ च्या कायद्यातील सहा ठिकाणी २००९ आणि २०१० मध्ये पहिली दफने झाली. म्हणजे सर्वसाधारण गती सहा ते आठ वर्षांची आहे, आणि पश्चिम न्यूयॉर्कला तर जवळजवळ दशक लागले. आपल्या समितीतील ८५ वर्षांच्या सभासदांना ‘दोन वर्षांत होईल’ असे कोणी सांगत असेल तर ते थांबवावे, कारण कुटुंबे अशा आश्वासनांवर आपले निर्णय पुढे ढकलतात. राष्ट्रीय दफनभूमीत कबरीची जागा आगाऊ राखून ठेवता येत नाही. मात्र आपण पात्र आहोत की नाही, याचा निर्णय हयातीतच लेखी मिळवता येतो, आणि तो कागद प्रत्येक सभासदाने आजच मिळवावा. अप्रतिष्ठित ठरवून सेवेतून काढलेले नसलेले माजी सैनिक, त्यांचे जोडीदार आणि अवलंबून असलेली मुले सामान्यतः पात्र असतात; १९८० नंतर भरती झालेल्यांना बहुधा किमान २४ महिन्यांच्या सेवेची अट लागू होते.

मंजुरीनंतर सगळी जमीन एकदम विकसित करीत नाहीत. पहिल्या टप्प्यात साधारण दहा वर्षे पुरेल एवढ्याच जागा तयार करतात आणि त्यातलाही एक लहान तुकडा लवकर हाती घेऊन, मुख्य इमारती पूर्ण होण्याआधीच दफन सुरू करतात. हा लवकरचा तुकडा मिळवण्यासाठी समितीने जरूर आग्रह धरावा. तात्पुरत्या कार्यालयातून आणि साध्या मंडपातूनही दफनविधी पूर्ण सन्मानाने होऊ शकतो.

नव्या दफनभूमींत बहुधा काँक्रीटच्या पेट्या आधीच जमिनीत बसवून ठेवतात. एक संपूर्ण विभाग खोदायचा, तळाला खडीचा थर आणि पाणी वाहून नेणाऱ्या छिद्रांच्या नळ्या घालायच्या, क्रेनने पेट्या एकमेकींना लागून मांडायच्या आणि वर मातीचा थर देऊन गवत पेरायचे. दफनाच्या दिवशी तेवढी वरची माती काढून झाकण उचलले की जागा तयार. सुरुवातीचा खर्च जास्त, पण जमीन खचत नाही, गोठलेल्या हिवाळ्यातही काम थांबत नाही आणि जागाही वाचते. पारंपरिक कबरीला पाच फूट बाय दहा फूट जागा लागते, या पद्धतीत तीन फूट बाय आठ फूट पुरते, म्हणजे तेवढ्याच जमिनीत दुपटीहून अधिक कुटुंबांची सोय होते. आपल्या २०० एकरांचा हिशेब करताना हे लक्षात घ्यावे. रस्ते, झाडी, पाण्याची तळी आणि उतार वजा जाता प्रत्यक्ष दफनासाठी त्यातला बराच कमी भाग उरेल, तरीही तो अनेक दशके पुरू शकतो.

कुटुंबांना आधी सांगून ठेवण्यासारखी एक गोष्ट आहे, कारण ती न सांगितल्याने मन दुखावलेली माणसे मी पाहिली आहेत. दफनाआधीचा विधी प्रत्यक्ष कबरीपाशी होत नाही, तो त्यासाठी बांधलेल्या छपराखाली होतो आणि साधारण वीस-तीस मिनिटांत आटोपतो. गणवेशातले किमान दोन सैनिक ध्वजाची घडी घालतात, तो कुटुंबाच्या हाती देतात, टॅप्स ही बिगुलवरची लष्करी निरोपाची धून वाजते. त्यानंतर कुटुंब निघते आणि कर्मचारी शवपेटी कबरीकडे नेतात. यंत्रे आणि खोल खड्डे यांच्यापासून लोक सुरक्षित राहावेत हा त्यामागचा हेतू आहे. तरीही ज्या मुलाला वडिलांवर मूठभर माती टाकायची आहे, त्याला ते आधी माहीत असायला हवे.

दगड नंतर बसतो. उभा संगमरवरी दगड ४२ इंच लांब, १३ इंच रुंद आणि ४ इंच जाड असतो. वजन सुमारे २३० पौंड. दोरी ताणून, पाणसळ लावून, रबरी हातोड्याच्या हलक्या ठोक्यांनी तो बसवला जातो, आणि शेजारच्या ओळीत उभे राहून पाहिले तर सरळ, आडवी आणि तिरपी अशा तिन्ही रेषा जुळल्या पाहिजेत. जनरल आणि शिपाई यांचे दगड सारखेच, क्रम दफनाचा, हुद्द्याचा नव्हे. जोडीदाराचे नाव बहुधा मागच्या बाजूला कोरतात. ज्यांच्या अस्थी विखुरल्या गेल्या किंवा ज्यांचे पार्थिव कधी सापडलेच नाही, त्यांच्यासाठीही स्मृतिविभागात दगड मिळतो. आपल्या आराखड्यात त्या विभागाला कोपऱ्यातली उरलेली जागा देऊ नये.

आता आपल्या बाबतीत माझा सल्ला. आपल्या भागाची संख्या ८०,००० च्या जवळपासही जात नसेल, तर राष्ट्रीय दफनभूमीचा हट्ट सोडून राज्य सरकारकडे जावे. १९७८ मध्ये सुरू झालेल्या अनुदान योजनेखाली संघ सरकार राज्यांच्या आणि २००६ पासून मूळ निवासी जमातींच्या माजी सैनिक दफनभूमी उभारण्याचा पात्र खर्च १०० टक्क्यांपर्यंत देते. जमीन राज्याने द्यायची असते, आणि तिथे आपल्या शेतकरी कुटुंबाचे दान थेट उपयोगी पडते. अडचण अशी की रोजचा कारभार आणि निगा यांचा भार राज्यावर येतो, आणि अनुदानात अगोदरच्या दफनभूमींच्या विस्ताराला नव्यापेक्षा आधी क्रम मिळतो. म्हणून विधिमंडळाकडून केवळ जमिनीचा स्वीकार करून घेऊ नये. दरवर्षीच्या निगेच्या तरतुदीचा ठराव त्याच अधिवेशनात करून घ्यावा. तशी तरतूद नसलेल्या प्रस्तावावर मी स्वतः सही केली नसती.

आणि हे सगळे करण्यापूर्वी, पुढच्या निवेदनाच्या आधी, एक काम करावे. त्या शेतकरी कुटुंबातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला घेऊन जमिनीवर चालत जावे आणि बर्फ वितळल्यानंतरच्या दिवसांत ट्रॅक्टर कुठे रुततो, हे त्यांच्याकडून नकाशावर पेन्सिलीने काढून घ्यावे. पहिले चाचणीखड्डे तिथेच घ्यायला सांगावे.